नवख्यांसाठी क्राफ्ट बिअर: चव ओळखणं, मित्रांना सुचवणं आणि फेस्टिव्हलला जाणं

"शनिवारी टॅपरूमला चाललोय, कोणती घेऊ?" असा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. टॅपरूम म्हणजे ताजी बिअर थेट नळातून देणारी जागा. मी उलट विचारतो, "कारल्याची भाजी खातोस का?" समोरच्याला वाटतं, मी विषय टाळतोय. पण मला ते खरंच जाणून घ्यायचं असतं. कारल्याला नाक मुरडणाऱ्या माणसाच्या हातात मी आयपीए नावाच्या कडू बिअरचा ग्लास दिला, तर तो दोन घोट घेऊन ठेवून देईल आणि "क्राफ्ट बिअर आपल्याला झेपत नाही" असं ठरवून मोकळा होईल. असे कितीतरी जण मी पाहिलेत. त्यांना बिअर चुकीची मिळाली होती, इतकंच.

म्हणून हा लेख. क्राफ्ट बिअर म्हणजे छोट्या कारखान्यात, म्हणजे ब्रूअरीत, थोड्या थोड्या प्रमाणात केलेली बिअर. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहून या वाटेला नव्यानं लागलेल्यांसाठी, पहिल्या ग्लासापासून पहिल्या फेस्टिव्हलपर्यंत.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. गोव्यात ही अट १८ ची आहे, पण तो नियम गोव्यापुरताच. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवानाही लागतो. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन असा मिळतो. नियमित जाणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढून ठेवलेला बरा. ओळखपत्र जवळ ठेवा. आणि ज्याच्याकडे गाडीची किल्ली असेल त्यानं त्या दिवशी एक घोटही घ्यायचा नाही. "एकानं काय होतंय" हे वाक्य आमच्या गटात चालत नाही.

ग्लासात आहे तरी काय

पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बहुतेक बिअर या चारांतूनच होते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे जव. नाचणी सत्त्वासाठी आई नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, सावलीत वाळवून दळायची. माल्टची सुरुवात अगदी तशीच होते. मोड आले की धान्यातला स्टार्च फोडणारी एन्झाइम्स तयार होतात. मग त्या धान्याचा भरडा ६५ ते ६८ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर मुरवला की स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळून तासभर उकळतात आणि उकळताना त्यात हॉप्स घालतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. कडवटपणा त्यांचा. संत्र्याच्या सालीचा, आंब्याचा, पाइनचा जो वास येतो तोही बहुतेक वेळा त्यांचाच. शेवटी पाणी थंड करून यीस्ट सोडलं, की साखरेतून अल्कोहोल आणि गॅस तयार होतो. एखाद्या ब्रूअरीत भट्टी चालू असताना सकाळी गेलात तर दारातच नाचणीच्या गरम खिरीसारखा वास येतो. मला तो बिअरच्या वासापेक्षाही आवडतो.

मेन्यूवर एल आणि लागर हे दोन शब्द दिसतील. तो फरक यीस्टचा आणि तापमानाचा. एल साधारण १८ ते २२ अंशांना आंबते, आठवड्या-दोन आठवड्यांत तयार होते आणि फळांसारखे वास देते. लागर ८ ते १२ अंशांना सावकाश आंबते, मग कित्येक आठवडे थंडीत मुरते. म्हणून ती स्वच्छ, नितळ लागते.

रंगावरून कडकपणा ठरवू नका. काळा रंग भाजलेल्या धान्याचा असतो. आयर्लंडची गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट असून तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्केच, आणि आपल्याकडच्या दुकानातली पिवळी 'स्ट्राँग' आठ टक्क्यांपर्यंत जाते.

पहिल्यांदा टॅपरूममध्ये

पुण्यात ही गोष्ट सुरू झाली ती २००९ मध्ये, कोरिंथियन्स क्लबात डूलॅली ही ब्रूअरी आली तेव्हा. नाव इंग्रजी वाटतं, पण मुळात ते नाशिकजवळचं आपलं देवळाली. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत पडून असायचे. वाट बघून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणायला लागले ते त्यावरून. पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आली, नंतर ग्रेट स्टेट एलवर्क्स आली. मुंबईच्या बारना डोंबिवलीतून गेटवे ब्रूइंगचे केग, म्हणजे बिअरची पिंपं, जाऊ लागले. गोव्यात गोवा ब्रूइंग कंपनीची 'एट फिंगर एडी' सुरू झाली. पुण्याच्याच मूनशाइनची मीड लोक बिअरच्या शेजारी मागतात, पण ती बिअर नव्हे. ती मधापासून करतात.

आत गेल्यावर थेट मोठा ग्लास मागवू नका. बहुतेक ठिकाणी चार-सहा छोट्या ग्लासांचा सँपलर मिळतो. तो दोघांत घ्या. मापही विचारून घ्या. आपल्याकडे 'पाइंट' म्हटलं की एखाद्याला ३३० मिलिलिटरची बाटली आठवते, एखादी जागा ५०० चा ग्लास देते, आणि इंग्लंडमध्ये पाइंट ५६८ चा असतो. बिल आणि डोकं दोन्ही त्यावर अवलंबून.

बारवरच्या माणसाशी बोला. "दादा, आज ताजी कोणती?" एवढंच विचारायचं. परवा मला उत्तर मिळालं, "सर, विट कालच लावलीय. आयपीएचा केग संपत आलाय, ती पुढच्या खेपेला घ्या." विट म्हणजे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर. मेन्यूवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. ताजेपणाची सर्वांत जास्त गरज हॉप्सवाल्या बिअरला असते, कारण हॉप्सचा वास आधी उडतो. दुकानातून घेत असाल तर बाटलीवरची तारीख बघा आणि उन्हाच्या काउंटरवर ठेवलेली हिरवी किंवा पांढरी बाटली घेऊ नका. प्रकाशानं हॉप्समधले घटक फुटतात आणि बिअरला उग्र, घाणेरडा वास येतो. तपकिरी काच ते बऱ्यापैकी अडवते.

चव घेताना

ग्लास बर्फात ठेवलेला असेल तर साधा मागा. फार गार बिअर जिभेला बधिर करते, वास वर येऊच देत नाही. स्टाउटसारखी काळी, जड बिअर तर दहा-पंधरा मिनिटं टेबलावर तशीच राहू द्या. पहिल्या घोटाला नुसती कडू वाटलेली स्टाउट तेवढ्या वेळात चॉकलेटसारखी लागायला लागते.

आधी बघा, मग वास घ्या. लांब श्वास नको. हुंगल्यासारखे दोन-तीन छोटे श्वास पुरतात. मग तोंडभर घोट घ्या आणि गिळा. वाईनसारखी थुंकायची नाही, कारण कडवटपणा गिळल्यानंतर रेंगाळतो आणि तो किती वेळ रेंगाळतो हे कळायला हवं. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, त्यावर तेलकटपणा आहे. बदलून मागा, संकोच नको.

खराब बिअर ओळखणं ही वेगळी गोष्ट आहे आणि नवख्यांनी ती लवकर शिकावी, म्हणजे स्वतःच्या जिभेवर शंका घेत बसावं लागत नाही. लोण्याचा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर आंबवण्याचं काम अर्धवट राहिलंय किंवा नळ्या अस्वच्छ आहेत. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास हा बहुधा उकळताना राहिलेला दोष. कच्च्या हिरव्या सफरचंदासारखी लागली तर घाईनं बाहेर काढलेली. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर शिळी, हवा लागलेली. साध्या लागरला व्हिनेगरचा आंबटपणा असेल तर जिवाणू शिरलेत. एका ठिकाणी मला सलग दोन ग्लास असेच आंबलेले आले. मी शांतपणे सांगितलं, त्यांनी चव घेतली, नळ बंद केला आणि दुसरी बिअर दिली. चांगली माणसं असं सांगितल्यावर रागावत नाहीत. ज्यांना राग येतो तिथे पुन्हा जायचं कारण नाही.

सुचवायची कशी

माझ्या मते या छंदाचा गाभा हाच. एकटं बसून पिण्यापेक्षा दुसऱ्याला त्याची बिअर सापडवून देण्यात मला जास्त आनंद मिळतो.

आमचा सहा जणांचा गट आहे. सुरुवातीची दोन वर्षं गटावरचे मेसेज असे असायचे: 'भारी', 'एक नंबर', 'विषय संपला'. त्यातून कुणालाच काही कळायचं नाही. मग आम्ही ठरवलं की 'भारी' लिहायचं असेल तर सोबत पाच गोष्टी लिहायच्या: कुठे प्यायली, कधी, किती टक्क्यांची, वास-चव कशी, आणि कुणाला आवडेल. अंक द्यायचे असतील त्यांनी अनटॅप्डसारख्या ॲपवर द्यावेत. तिथे नोंदी राहतात, आपण आधी काय प्यायलो ते सापडतं. पण पाचपैकी चार चांदण्या बघून मला हे कळत नाही की ती बिअर गोड आहे की कोरडी.

शब्द मराठीतच लिहा. चवीचे जेवढे शब्द आपल्याकडे आहेत तेवढे बिअरच्या इंग्रजी मेन्यूवरही नसतात. आंबूस वेगळं, आंबटढाण वेगळं. खरपूस म्हणजे पावाच्या भाजलेल्या कडेसारखं, करपट म्हणजे त्याच्याही पुढे गेलेलं. गुळचट, तुरट, पाणचट, मिळमिळीत, उग्र, कुबट, खवट. यातल्या प्रत्येक शब्दाला माणसाच्या तोंडात एक ठरलेली चव उभी राहते. माझ्या वहीतली एक नोंद तशीच देतो: "विट. गढूळ पिवळी, फेस दाट. संत्र्याची साल, मागून धने. हलकी, किंचित आंबूस. ५ टक्के. दुपारी, मच्छी फ्रायबरोबर. चौथ्या दिवशी परत प्यायलो, संत्रं कमी झालं होतं." बेल्जियन पद्धतीच्या विटमध्ये धने आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात, त्यामुळे हे मनाचे खेळ नव्हेत.

आणि सुचवताना आपली आवड बाजूला ठेवायची. मित्राची बायको, आमच्या वहिनी, दर वेळी लिंबूपाणी मागवायच्या. "कडू असतं ते, मला नको." एकदा मी विचारलं, "वहिनी, शिकरण आवडतं ना तुम्हाला?" म्हणाल्या, "हो, पण त्याचं इथे काय?" हेफेवाइत्सनचा छोटा ग्लास मागवला आणि म्हटलं, पिऊ नका, नुसता वास घ्या. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला, परत उचलला. "अहो, यात वेलची केळं घातलंय!" केळं कुणीच घातलेलं नव्हतं. या जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्टच केळ्याच्या वासाचं एस्टर नावाचं रसायन तयार करतं आणि सोबत लवंगेसारखा एक वासही. कडवटपणा तर अगदी थोडा. त्या दिवशी लिंबूपाणी राहिलं, आणि आता गव्हाच्या बिअरबद्दल आमच्या गटात शेवटचा शब्द त्यांचा असतो.

तर माणूस काय खातो-पितो ते विचारा. सोलकढी, कोकम सरबत आवडणाऱ्याला आंबट बिअर द्या. आपल्याकडच्या काही ब्रूअर्सनी कोकम घालून ती केली आहे आणि ती उन्हाळ्यात फार सुंदर लागते. कडक, बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्याला स्टाउट किंवा तिचीच काळी बहीण पोर्टर. खरपूस भाजलेला पाव, गुळाची पोळी आवडत असेल तर अंबर, म्हणजे तांबूस, एल. रोजची साधी बिअर पिऊन समाधानी असलेल्या काकांना उगाच डिवचू नका, त्यांना चांगली ताजी पिल्स्नर, म्हणजे फिकट सोनेरी लागर, द्या. फरक त्यांचा त्यांनाच कळेल. आणि कारलं, मेथी मिटक्या मारत खाणाऱ्याला आयपीए.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, त्यातला 'आय' म्हणजे इंडिया. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रूअरीची फिकट बिअर जहाजांतून कलकत्त्याला आणि मुंबईला यायची. आफ्रिकेला वळसा घालून यायला कित्येक महिने लागायचे. हॉप्समुळे बिअर टिकायला मदत होते, म्हणून ती इथवर चांगली पोचायची. खास त्या प्रवासासाठीच कुणीतरी ती शोधून काढली, ही गोष्ट मात्र नंतर रचलेली. भरपूर हॉप्सची फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होतीच.

फेस्टिव्हलला जाताना

आपल्याकडे मोकळ्या मैदानावरचे फेस्टिव्हल पावसाळा संपला की सुरू होतात. तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. तिकिटात बिअर धरलेली आहे की नुसता प्रवेश आहे, आणि कोणत्या ब्रूअरी येणार आहेत. गाणी आणि खाण्याचे स्टॉल यांचाच गाजावाजा असेल आणि ब्रूअरींची नावंच नसतील, तर ती मैफल आहे. मजा येईल, पण नवीन बिअर भेटणार नाहीत. तारखेकडेही लक्ष ठेवा. २ ऑक्टोबर ड्राय डे असतो आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तासही.

दार उघडतं तेव्हाच पोचा. पहिल्या दोन तासांत ब्रूअर स्वतः स्टॉलवर उभे असतात, गर्दी नसते, त्यांनाही बोलायला आवडतं. "यात कोणते हॉप्स आहेत?" किंवा "ही कितव्या खेपेला जमली?" असं विचारलंत की माणूस खुलतो. संध्याकाळी सातनंतर तिथे नुसती रांग असते.

पोटभर जेवून जा. मी वरणभात खाऊन जातो. चपला नकोत, बूट घाला, कारण मैदानावर सांडलेली बिअर आणि फुटलेली काच दोन्ही असू शकतात. पाण्याची बाटली आत नेऊ देत नसतील तर आत पाणी कुठे मिळतं ते आधी शोधा, बिअर नंतर.

मग हिशोब. शंभर मिलिलिटरचा ग्लास बघून वाटतं, यात काय आहे? असे सहा टक्क्यांचे आठ ग्लास म्हणजे ४८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या ३३० च्या बाटलीत ते साडेसोळा असतं. म्हणजे आठ छोटे ग्लास जवळपास तीन बाटल्यांच्या बरोबरीचे, तेही उन्हात उभ्यानं. म्हणून आम्ही चौघं मिळून एकेक ग्लास घेतो. दोन घोटांत चव कळते, आणि चार तासांत पंधरा-सोळा बिअर चाखूनही माणूस ताळ्यावर राहतो. दर दोन ग्लासांमागे पाणी, मध्ये साधा पाव किंवा खारे शेंगदाणे.

क्रम पाळा. हलकीकडून जडकडे, कमी टक्क्यांकडून जास्तीकडे, आणि आंबट, धुरकट, फार कडू बिअर शेवटी. माझ्या पहिल्या मोठ्या फेस्टिव्हलला पिंपात मुरवलेली दहा टक्क्यांची स्टाउट होती. संपेल या भीतीनं मी सुरुवातच तिच्यापासून केली. स्टाउट अप्रतिम होती, पण त्यानंतर घेतलेल्या चारही बिअर मला पाणचट लागल्या. त्यातली एक पिल्स्नर त्या दिवशी सगळ्यांनी वाखाणली आणि मला तिची चवच कळली नव्हती. आता अशी एखादी दुर्मिळ बिअर असली तर आम्ही ती आधीच घेतो, पण मग अर्धा तास थांबतो, पाणी पितो, काहीतरी खातो आणि मगच पुढे जातो.

नोंदी तिथेच करा. लांबलचक नकोत, चार शब्द आणि ग्लासचा नव्हे तर स्टॉलवरच्या पाटीचा फोटो.

परदेशात असाल तर

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला आपली बरीच मंडळी जातात. जरूर जा, १८१० च्या राजघराण्यातल्या लग्नापासून चालत आलेली जत्रा आहे ती. पण चाखण्यासाठी जाऊ नका. तिथे म्युनिकच्या सहाच ब्रूअरींची बिअर मिळते, ती लिटरच्या मगात येते आणि साधारण सहा टक्क्यांची असते. चवीसाठी उत्तरेला बांबेर्गला जा आणि श्लेंकेर्लाची राउखबिअर मागा. तिचं माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवतात. पहिला घोट चुलीशेजारी बसून घेतल्यासारखा लागतो, तिसऱ्या घोटानंतर गोडी कळते.

ब्रिटनमध्ये असाल तर काम्राच्या स्थानिक शाखांचे फेस्टिव्हल गाठा. ही बिअरप्रेमींची संघटना १९७१ पासून आहे आणि स्टॉलवर बिअर देणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. ग्लासावर तृतीयांश आणि अर्ध्या पाइंटाच्या रेषा असतात, तृतीयांशच मागा. तिथली कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरलेली एल, ११ ते १३ अंशांना आणि अगदी थोड्या गॅसची देतात. "गॅस गेलाय, गरम आहे" म्हणून परत करू नका, ती तशीच असते. अमेरिकेत डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये माप एका औंसाचं, म्हणजे जेमतेम ३० मिलिलिटर. १९८२ पासून चाललेल्या त्या मेळ्यात शेकडो बिअर असल्यामुळे हेच माप शहाणपणाचं.

दुसऱ्या दिवशी

सकाळी पाणी आणि न्याहारी झाली की वही उघडा आणि आठवतंय तोवर नोंदी पुऱ्या करा. दुपारपर्यंत केळं कुठल्या ग्लासात होतं आणि लवंग कुठल्या, ते पुसट होतं. त्यातल्या दोन-तीनच गटावर टाका, कुणाला आवडेल त्याच्या नावासकट. मग पुढच्या पंधरवड्यात त्यातल्या एकीच्या टॅपरूमला जाऊन पूर्ण ग्लास घ्या. फेस्टिव्हलच्या गर्दीत दोन घोटांत आवडलेली बिअर अख्खा ग्लास प्यायल्यावर कधीकधी गुळचट निघते, आणि दुर्लक्ष केलेली एखादी शेवटच्या थेंबापर्यंत छान लागते. तसं झालं तर गटावर आधीची नोंद दुरुस्त करा, आणि निघताना दादांना विचारून ठेवा, पुढची खेप कधी लागणार आहे.